पुसलेल्या फाइलींचा माग : अभ्यासूंसाठी प्रस्तावना

वऱ्हाडातल्या माणसाच्या फोनमध्ये आज काय काय साठलेले असते ते पाहिले, की हा विषय का शिकायचा हे वेगळे सांगावे लागत नाही. सोयाबीनमध्ये पाणी साचल्याचे, पंचनाम्याच्या आधी काढलेले फोटो, कापसाची काटापट्टी, आजीच्या आवाजातल्या जात्यावरच्या ओव्या, मेळघाटातल्या कोरकू गाण्यांची ध्वनिमुद्रणे. यातल्या बहुतेकांची दुसरी प्रत कुणी जाणूनबुजून ठेवलेली नसते. गॅलरी साफ करताना बोट चुकते आणि माणूस अमरावती-अकोल्यातले मोबाइल दुरुस्तीचे दुकान गाठतो. तिथे आशा हमखास मिळते, फाइल कधीकधीच मिळते. असे का होते, हे नीट कळावे म्हणून ही विद्या शिकायची.

सुरुवात मेमरी कार्डापासून करावी, कारण तिथे जुने नियम अजून टिकून आहेत. बत्तीस जीबीपर्यंतच्या कार्डांवर बहुधा फॅट३२ ही मांडणी असते. तिच्यात फाइल डिलीट केली, की यादीतल्या तिच्या नावाचे पहिले अक्षर बदलून तिथे खूण केली जाते आणि जागा रिकामी म्हणून नोंदली जाते. मजकूर तसाच राहतो. त्यावर दुसरे काही लिहिले जाईपर्यंत तो वाचता येतो. नाव गेले तरी आशयावरून फाइल ओळखता येते : जेपीईजी फोटो ‘एफएफ डी८’ या बाइटांनी सुरू होतो आणि ‘एफएफ डी९’ने संपतो. क्रिस्तोफ ग्रेनिए यांचे ‘फोटोरेक’ हे मोफत साधन अशाच खुणांवरून चालते. म्हणून पहिली सूचना एकच, आणि ती जीव तोडून सांगावीशी वाटते : वापर थांबवा, कार्ड काढून ठेवा.

फोनच्या आतल्या साठ्याची गोष्ट मात्र वेगळी आहे. फुजिओ मासुओका यांनी तोशिबात १९८०च्या दशकात घडवलेल्या फ्लॅश स्मृतीत लिहिलेल्या जागेवर थेट पुन्हा लिहिता येत नाही. आधी अख्खा खंड पुसावा लागतो. त्यामुळे कोणत्या जागा आता नको आहेत हे फोन चिपला कळवतो आणि ती त्या सवडीने पुसून टाकते. अँड्रॉइडमध्ये ही सोय २०१३च्या ४.३ आवृत्तीपासून आहे. त्यात एन्क्रिप्शनची, म्हणजे मजकूर किल्लीने कुलूपबंद करण्याची, भर पडली. २०१९च्या अँड्रॉइड १० पासून नव्या फोनांना ते सक्तीचे झाले, आणि त्यात प्रत्येक फाइलची किल्ली वेगळी असते. फाइल गेली की ती किल्ली घडवणारी नोंदही जाते. मग चिप काढून वाचली तरी हाती अर्थहीन आकडेच लागतात. ‘डीप स्कॅन’चे आश्वासन देणारी ॲप बहुतेक वेळा लघुचित्रेच दाखवतात, आणि ती बसवताना वाचू शकली असती ती जागाही व्यापतात. लोकांकडून अशा ॲपसाठी पैसे घेतले जातात, याचे मला फार वाईट वाटते.

प्रत आणि किल्ली या दोन्ही गोष्टी या मातीला नव्या नाहीत. मोर्शी तालुक्यातल्या रिद्धपुराशी जोडलेले म्हाइंभटांचे ‘लीळाचरित्र’ हा महानुभाव पंथाचा ग्रंथ घ्या. परंपरा सांगते की मूळ प्रत परचक्राच्या धामधुमीत हरवली आणि शिष्यांनी ती आठवणीतून पुन्हा उभी केली. त्यातून पाठभेद आले. पुढे महानुभावांनी सकळसारख्या सांकेतिक लिप्या वापरल्या. पोथी समोर असूनही किल्ली नसलेल्याला ती बंदच राहिली, ती थेट विसाव्या शतकापर्यंत. फोनमधली फाइल शोधणाऱ्यानेही पोथ्यांच्या संशोधकाचीच नजर घ्यावी असे मला वाटते. मूळ प्रत मिळेल या हट्टापेक्षा आणखी प्रती कुठे आहेत, आणि त्या मुळाहून किती वेगळ्या आहेत, हे विचारावे.

त्या प्रती अनेक ठिकाणी असतात. गूगल फोटोजच्या ट्रॅशमध्ये बॅकअप झालेला फोटो ६० दिवस राहतो, न झालेला ३० दिवस. व्हॉट्सॲप अँड्रॉइडवर रोज पहाटे दोनच्या सुमारास फोनमध्येच संवादांची प्रत करते आणि साधारण आठवडाभराच्या प्रती ठेवते. म्हणून सकाळी डिलीट झालेले संवाद कालच्या प्रतीत सापडू शकतात. ज्याला फोटो पाठवला त्याच्या फोनमध्ये तो असतो, पण आकसलेला, आणि काढल्याची वेळ व ठिकाण या नोंदी गळालेल्या. पीकनुकसानीच्या दाव्यात हा फरक साधा नाही. धारणी-चिखलदऱ्याच्या गावांत नेटवर्क अपुरे असते, तिथे क्लाउडवरची प्रत गृहीत धरूच नये. कार्डावर किंवा पेनड्राइव्हवर हाताने प्रत करण्याची सवय लावावी लागेल.

न्यायालयात जाणाऱ्या प्रतीची शिस्त आणखी कडक. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ हा १ जुलै २०२४ पासून लागू झाला. त्याच्या कलम ६३ खालच्या प्रमाणपत्रात इलेक्ट्रॉनिक नोंदीचे हॅश मूल्य, म्हणजे तिच्या मजकुरावरून गणिताने काढलेली ओळखखूण, द्यावे लागते. एक बिट बदलला तरी ते मूल्य बदलते. अमरावतीला प्रादेशिक न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा आहे, त्यामुळे हे काम इथल्या विद्यार्थ्यांना दूरचे वाटू नये.

नव्याने येणाऱ्यांनी घरात पडलेले एखादे जुने मेमरी कार्ड घ्यावे. त्यावर दहा फोटो उतरवावेत, चार डिलीट करावेत, कार्डाची बाइटन्‌बाइट प्रत संगणकावर करून तिचे हॅश मूल्य वहीत लिहावे, आणि मगच त्या प्रतीत, कार्डाला हात न लावता, ‘एफएफ डी८’ शोधायला बसावे.