पवनाकाठची जुनी वाट

काळेवाडीच्या पुलावर उभे राहून मुलांना एक प्रश्न विचारून पाहा. दोन हजार वर्षांपूर्वी या नदीकाठाने व्यापारी आपला माल कसा नेत असतील? बरीच मुले म्हणतील, 'होडीतून!' गंगेबद्दल, नाईलबद्दल त्यांनी तसे वाचलेले असते.

पण पवना तशी नदी नाही. ती सह्याद्रीच्या माथ्यालगत उगम पावते. धरण नव्हते तेव्हा पावसाळ्यात तिला लोंढे येत आणि उन्हाळ्यात पात्रातला कातळ उघडा पडे. अशा पात्रातून मालाची नाव वर्षभर चालणे शक्य नव्हते. मग प्रवाशांना नदीचा उपयोग काय? उपयोग पाण्यापेक्षा खोऱ्याचा होता. दोन डोंगररांगांमधल्या सखल पट्टीत चढउतार कमी असतात. बैलांना चारापाणी मिळते, मुक्कामाला गावे भेटतात. घाट चढून आलेल्याला पूर्वेकडे उतरायला ही आयतीच वाट.

याला पुरावा काय? पवनेच्या खोऱ्याकडे पाहणाऱ्या डोंगरात बेडसे येथे बौद्ध लेणी आहेत. ती सुमारे इसवी सनपूर्व पहिल्या शतकातली मानतात. तिथल्या एका खोलीच्या दारावर ब्राह्मी लिपीतला छोटासा प्राकृत लेख आहे. नाशिकच्या आनंद श्रेष्ठींचा मुलगा पुष्यणक याने दान दिल्याचे तो सांगतो. श्रेष्ठी म्हणजे मोठा व्यापारी, आपला 'शेठ' हा शब्द त्यातूनच आला. शेजारच्या इंद्रायणीच्या खोऱ्यात कार्ल्याच्या चैत्यगृहातही वैजयंतीच्या, म्हणजे कर्नाटकातील बनवासीच्या, भूतपाल श्रेष्ठींचे नाव कोरलेले आहे.

या लेखांत मालाची यादी नाही, प्रवासवर्णनही नाही. तरी एवढे नक्की कळते, की दूरच्या शहरांतल्या व्यापारी घराण्यांचा या डोंगरांशी संबंध होता. कल्याण, सोपारा ही बंदरे घाटाखाली आणि तेरसारखी बाजारपेठ पूर्वेला पठारावर. नकाशात ही ठिकाणे एकत्र पाहिली, की लेणी घाटमाथ्याजवळच का, याचा उलगडा होऊ लागतो.

वर्गात एवढे जरूर करा. नकाशावर नाशिक आणि बेडसे यांमधले अंतर मुलांना मोजू द्या. सरळ रेषेतच ते सुमारे १५० किलोमीटर भरेल. मग पायी चालणारा माणूस दिवसाला किती अंतर कापेल, याचा हिशेब त्यांनाच मांडू द्या. दारावरची ती एक ओळ मग त्यांना नुसती पाठ करायची सनावळी वाटणार नाही.