सालोमालो, आठवले आणि ‘तुकारामाचा’ अभंग

गाथेचा पाठ शिकवणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी हा अनुभव येतो. बीज आणि वृक्ष यांच्या रूपकातून ब्रह्माचे एकपण सांगणारे एक प्रसिद्ध पद विद्यार्थी तुकारामांचे म्हणून उद्धृत करतो. गाथेत शोधू लागले की ते सापडत नाही. सापडणारही नाही, कारण ते शांताराम आठवले यांनी ‘प्रभात’च्या ‘संत तुकाराम’ (१९३६) या चित्रपटासाठी लिहिले. संगीत केशवराव भोळ्यांचे, स्वर विष्णुपंत पागनीसांचा. ही माहिती काही गुप्त नाही, तरीही गैरसमज टिकून आहे. तो का टिकला, हा प्रश्न मला अलीकडे हा चित्रपट पुन्हा मोठ्या पडद्यावर पाहताना प्रथमच गंभीरपणे पडला.

दामले-फत्तेलाल यांच्या या चित्रपटाची थोरवी नव्याने सांगायला नको. १९३७ च्या व्हेनिस महोत्सवात त्याची विशेष दखल घेतली गेली. गीता कपूर यांच्यासारख्या समीक्षकांनी त्यावर विस्ताराने लिहिले. परंतु चित्रपटगृहातील अंधारात मला जे जाणवले ते वेगळेच होते. हा चित्रपट भक्तीइतकाच कर्तृत्वाचाही आहे. शब्द कुणाचे, हा त्याच्या कथेचा मूळ पेच आहे. आरंभीच तुकाराम एक पद साधेपणाने, स्वतःत बुडून गातो. लगेच सालोमालो तेच पद नाटकी हरकती घेऊन, आपले म्हणून, मंदिरातल्या श्रोत्यांपुढे सादर करतो. शब्द तेच असूनही ऐकणाऱ्याला खरे-खोटे तत्काळ कळते. दिग्दर्शकांनी येथे एक वाङ्मयीन सिद्धान्त दृश्यात मांडला आहे: कवितेची मालकी शब्दांवरून नव्हे, उच्चारामागच्या जगण्यावरून ओळखावी.

सालोमालो ही पटकथाकार शिवराम वाशीकरांची कल्पित निर्मिती नाही. आपले अभंग दुसरे कोणी आपल्या नावाने खपवतो, ही तक्रार तुकारामांच्या गाथेतच आली आहे, तीही त्याच्या नावासकट. सतराव्या शतकातच ‘तुका म्हणे’ ही मुद्रा पुसली जात होती. उलट दिशेचा व्यवहारही मोठा होता; कित्येक अनामिकांनी स्वतःच्या रचनांना तीच मुद्रा जोडली. म्हणूनच १८६९ आणि १८७३ मध्ये दोन भागांत प्रसिद्ध झालेल्या, विष्णु परशुराम शास्त्री पंडित आणि शंकर पांडुरंग पंडित यांच्या संपादित गाथेपासून आजपर्यंत अस्सल आणि प्रक्षिप्त यांचा वाद मिटलेला नाही.

या पार्श्वभूमीवर आठवल्यांच्या पदाकडे पाहावे. त्याची लय अभंगाच्या जवळची आहे, भाषा जाणीवपूर्वक साधी आहे. पण त्यात ‘तुका म्हणे’ ही मुद्रा नाही. म्हणजे आठवल्यांनी तुकारामांच्या नावाने काहीही खपवलेले नाही. ती सही श्रोत्यांनी केली. कारण उघड आहे. पागनीसांचा चेहरा हाच लाखोंसाठी तुकारामांचा चेहरा ठरला. घरोघरच्या तसबिरींवरही त्याची छाया पडली. ज्याच्या मुखातून ते शब्द आले, तो तुकारामच होता, मग शब्द दुसऱ्याचे कसे असतील? चित्रपटाने मांडलेला सिद्धान्त प्रेक्षकांनी चित्रपटालाच लागू केला, असे म्हणावे लागेल.

सालोमालोने दुसऱ्याच्या शब्दांवर आपले नाव घातले आणि तो हास्यास्पद ठरला. आठवल्यांचे नाव त्यांच्याच शब्दांवरून पुसले गेले आणि ते जवळजवळ अनामिक झाले. दोन्ही घटना एकाच चित्रपटात घडाव्यात, यासारखा उपरोध मराठी वाङ्मयेतिहासात क्वचितच आढळेल.

२०१२ मध्ये चंद्रकांत कुलकर्णी यांचा ‘तुकाराम’ आला. तो पाहतानाची माझी प्रतिक्रिया निराळी होती. जितेंद्र जोशींचा तुकाराम संतपदाला पोचण्यापूर्वीचा संसारी, व्यापारी माणूस आपल्यासमोर ठेवतो. इतिहासाच्या दृष्टीने ती भरपाई आवश्यकच होती. तरीही बाहेर पडताना मी मनाशी १९३६ चेच पद गुणगुणत होतो. अभ्यासकाला हे अडचणीचे वाटावे. मला ते अर्थपूर्ण वाटते. माहिती दुरुस्त झाली तरी स्मरण सहजी दुरुस्त होत नाही.

मग वर्गात काय करावे? ‘हे तुकारामांचे नव्हे’ एवढे सांगून थांबणे म्हणजे विद्यार्थ्याच्या हातून केवळ काहीतरी काढून घेणे होय. त्याऐवजी ते पद आणि गाथेतला एखादा अभंग शेजारी ठेवून वाचावेत. तुकारामांच्या अभंगात देवाशी भांडण आहे, बाजारातली बोली आहे, स्वतःवरचा संशय आहे. आठवल्यांच्या पदात एक शांत, वाटोळा निष्कर्ष आहे. विसाव्या शतकातल्या सुशिक्षित मनाला तुकाराम जसे हवे होते, तसे ते आहेत. गंमत अशी की गाथेतले ते भांडण या चित्रपटात आलेच आहे. पण ते जिजाईच्या तोंडी. आजारी मुलासाठी पायताण घेऊन विठ्ठलावर धावणारी ती बाई, मला वाटते, या चित्रपटातील सर्वांत तुकारामी पात्र आहे. पद परके असेल. तिचा राग मात्र अस्सल गाथेतला आहे.