चित्रवाचन (प्राथमिक शिक्षण)

चित्रवाचन ही प्राथमिक शाळेत, मुख्यतः पहिली-दुसरीच्या वर्गांत, वापरली जाणारी भाषाशिक्षणाची पद्धत आहे. तीत मुले चित्र निरखतात, त्यातील घटनांविषयी बोलतात, स्वतः चित्र काढतात आणि त्याखाली शब्द किंवा वाक्य लिहितात. येथे चित्र मजकुराची सजावट नसून तोच वाचनाचा मजकूर असतो.

पार्श्वभूमी

कोमेनिउस यांचे 'ऑर्बिस पिक्टस' (१६५८) हे बालकांसाठीच्या आरंभीच्या सचित्र पाठ्यपुस्तकांपैकी एक मानले जाते. रशियन मानसशास्त्रज्ञ लेव्ह वायगोत्स्की यांनी चित्र काढणे ही लेखनविकासातील पूर्वपायरी मानली. मराठीत लेखिका-चित्रकार माधुरी पुरंदरे यांचे 'चित्रवाचन' हे पुस्तक या पद्धतीसाठी उपयुक्त आहे. त्यांच्या 'वाचू आनंदे' या संचात साहित्यातील वेच्यांना चित्रकलेची जोड दिलेली आहे.

पद्धत

चित्र दाखवून 'हे काय आहे?' एवढेच विचारले, तर मुले 'गाय', 'झाड' अशी नावे सांगून थांबतात. ही चूक वर्गांत आढळते. चित्रात काय चालले आहे, तसे कशावरून वाटते आणि आणखी काय दिसते, असे विचारल्यास मुलाला पूर्ण वाक्यात बोलावे लागते व आपल्या म्हणण्याला चित्रातूनच आधार शोधावा लागतो. पुढे उतारा वाचताना हेच कौशल्य कामी येते. त्यानंतर शिक्षक मुलाचे वाक्य त्याच्याच शब्दांत चित्राखाली लिहितात आणि शब्दांखाली बोट फिरवत वाचून दाखवतात. आपले बोलणे कागदावर उतरते, हे मुलाला तेव्हा उमगते.

बोली आणि शाळेची भाषा

माथेरानच्या पायथ्याकडील नेरे (ता. पनवेल, जि. रायगड) आणि आसपासच्या पट्ट्यात कातकरी व ठाकर समाजाच्या वाड्या आहेत. कातकरी बोली प्रमाण मराठीहून वेगळी असल्यामुळे पाठ्यपुस्तकातील पहिलेच वाक्य मुलाला परके वाटू शकते. नदीवरील मासेमारीचे चित्र समोर असले, तर तेच मूल आपल्या बोलीत बरेच काही सांगू शकते. बोलीतील शब्द आधी लिहून घेऊन प्रमाण शब्द शेजारी मांडणे सोयीचे ठरते. बोलीतला शब्द खोडला, की मूल गप्प बसते. वीटभट्टीच्या हंगामात कुटुंबासह स्थलांतर करणाऱ्या मुलांचे शिक्षण मध्येच तुटते. परतल्यावर अक्षरांची उजळणी करण्याआधी चित्रावर बोलणे त्यांना वर्गात सामावून घेते.

मर्यादा

चित्रवाचनाने अक्षरओळख आपोआप होत नाही. देवनागरीतील मात्रा व जोडाक्षरे स्वतंत्रपणे शिकवावी लागतात, अन्यथा मूल चित्र पाहून शब्दाचा केवळ अंदाज बांधते. म्हणून तेच वाक्य नंतर चित्र झाकून वाचून घेतात. दोन डोंगर आणि मधून उगवणारा सूर्य असे ठरीव चित्र फळ्यावरून उतरवून घेण्यात हस्तकौशल्याचा सराव होतो, परंतु त्यावर मुलाला सांगण्यासारखे स्वतःचे काही उरत नाही.