हेलमंडचं पाणी आणि अफूचा चीक

मागच्या व्याख्यानात माळव्याची अफू मुंबई बंदरातून चीनला कशी गेली ते आपण पाहिलं. नंतर एका श्रोत्याने विचारलं, "सर, खसखशीचं पीक जमिनीतलं पाणी संपवतं का हो?" आम्हा तत्त्वज्ञानवाल्यांना कारण शोधायची खोड. ते शोधायला अफगाणिस्तानात, हेलमंड प्रांतात जाऊ.

अगोदर रसायन. खसखशीच्या हिरव्या बोंडाला दुपारनंतर चिरा मारतात, रात्रभर चीक पाझरतो आणि सकाळी काळपटलेला चीक खरवडून घेतात. त्यात मॉर्फिन, कोडीन, थेबाइन ही द्रव्यं असतात. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी सेर्ट्यूर्नर या जर्मन औषधविक्याने मॉर्फिन वेगळं काढलं, हे बहुतेकांना ठाऊक असेल. मला महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच. नीट सुकवलेली अफू वर्षानुवर्षं टिकते. डाळिंब सडतं, अफूचा गोळा घरात ठेवावा, भाव चढला की विकावा, नडीला त्यावर कर्ज काढावं. बँक नसलेल्या मुलखात हे न कुजणारं नाणंच झालं.

आता पाणी. खसखस काही उसासारखी तहानलेली नाही. हिवाळी पीक, साधारण गव्हाइतक्या पाण्यात भागतं. मग वाळवंट का उपसलं गेलं? १९४६ नंतर मॉरिसन-नुडसन या अमेरिकी कंपनीने हेलमंडच्या खोऱ्यात धरणं-कालवे बांधले. पण बोघरा कालव्याच्या उत्तरेचा माळ कोरडाच राहिला. २००८ नंतर कालव्याखालच्या शेतांत अफूबंदी कडक झाली, तशी भूमिहीन कुटुंबं या माळावर सरकली. अफूच्या पैशावर बोअर पाडले. डिझेल महाग, त्यामुळे हात जरा आखडता असे. पुढे सौर पंप आले आणि तो आखडता हातही सुटला. एकदा पंपाचे पैसे भरले की पाणी फुकट! पातळी खाली जाऊ लागली.

म्हणून त्या श्रोत्याला मी म्हणेन, दोष झाडाच्या मुळांचा कमी, चिकाच्या किमतीचा जास्त.

एप्रिल २०२२मध्ये तालिबानने लागवडीवर बंदी घातली. संयुक्त राष्ट्रांच्या पाहणीनुसार देशातलं अफूचं क्षेत्र २,३३,००० हेक्टरवरून २०२३मध्ये १०,८०० हेक्टरवर आलं. पंप मात्र जागेवरच आहेत. आता त्यांवर गहू भिजतो, आणि बोअर आटला तर आणखी खोल जायला लागणारा पैसा गहू देत नाही.