रात्रीची जत्रा आणि पाच सेंटचं तिकीट

आज एकच मुद्राचित्र घेऊ: रेजिनाल्ड मार्श यांचं ‘मेरी-गो-राउंड’, साल १९३०. चक्रातल्या लाकडी घोड्यांवर तरुण मुली स्वार झाल्या आहेत. बाजार कोसळून काही महिनेच झाले आहेत. मग ही मौज परवडत कशी होती?

उत्तर बऱ्याच अंशी भुयारी रेल्वेत आहे. मार्श यांचा आवडता मुलूख म्हणजे न्यूयॉर्कचा कोनी आयलंड. तिथलं लूना पार्क १९०३ मध्ये उघडलं, ते विजेच्या दिव्यांनी रात्र उजळवूनच. १९२० मध्ये भुयारी रेल्वे तिथवर पोचली. भाडं पाच सेंट. पूर्वी जी सहल जपून करावी लागे, ती आता कारखान्यातल्या, दुकानातल्या मुलींच्याही आवाक्यात आली.

आता तंत्राकडे वळू. एचिंगमध्ये तांब्याच्या पत्र्यावरच्या मेणात सुईनं रेषा काढायच्या, त्या आम्लानं खोल करायच्या, त्यांत शाई भरून कागदावर दाबायच्या. म्हणजे काळोख रेषारेषांनी विणावा लागतो, आणि दिव्याचा उजेड म्हणजे निव्वळ कोरा सोडलेला कागद!

पण एक लक्षात ठेवू. मार्श येल विद्यापीठात शिकलेले, चित्रकार आईबापांचे चिरंजीव. घोड्यावरची मुलगी स्वतःच्या कमाईवर आली असेल, पण चित्रात ती दिसते ती त्यांच्या नजरेतून. म्हणून हे चित्र पुरावा म्हणून वापरताना आपण दोन प्रश्न विचारायचे: कोण दिसतंय, आणि कोण पाहतंय?