साठेखत आणि खरेदीखत : एका भेदाचा इतिहास

आपल्यापैकी अनेक घराण्यांचे पूर्वज शिंदे, होळकर अथवा गायकवाड यांच्या चाकरीच्या निमित्ताने इकडे आले. त्यांना घरजमीन लाभली ती बहुधा सनदेने किंवा इनामपत्राने. पेठेत गाळा विकत घेण्याचा प्रसंग त्यांच्यावर क्वचितच आला असेल. आज मात्र निवृत्तीची रक्कम किंवा वाड्याच्या विक्रीतून आलेला वाटा घालून आपली मुले दुकाने व कार्यालये घेऊ लागली आहेत. आयुष्यभराची पुंजी ज्या कागदावर विसंबते तो नेमका कशाचा कागद आहे, हे जाणणे म्हणूनच अगत्याचे ठरते. त्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात वास्तुविक्रयाचे स्वतंत्र विवेचन आहे. विक्रीस निघालेली वास्तू घेण्याचा अधिकार आप्त, शेजारी व धनको यांना या क्रमाने दिलेला असून, शेजारच्या चाळीस कुळांसमक्ष त्या घरापुढेच विक्रीची घोषणा करावी, असा दंडक आहे. मराठेशाहीतील मिरासीच्या खरेदीखतांतही हेच तत्त्व आढळते. चतुःसीमा नोंदवावयाच्या, भाऊबंदांची संमती घ्यावयाची आणि गोताची साक्ष घालावयाची. अक्षरओळख नसलेला कुणबी आपल्या नावापुढे नांगराची निशाणी करी. पुढे तंटा उद्भवल्यास गोत जमे आणि मजहर होई. कागदाचे खरे बळ साक्षीला उभ्या राहिलेल्या माणसांत होते.

इंग्रजी अमलात हे बळ माणसांकडून दप्तराकडे गेले. 1864 च्या कायद्याने स्थावराच्या दस्तांची नोंदणी सक्तीची होऊ लागली. 1908 चा नोंदणी कायदा त्याच परंपरेतला. 1872 साली कराराचा व 1882 साली मालमत्ता हस्तांतरणाचा कायदा झाला. या दुसऱ्या कायद्याच्या कलम 54 ने एक भेद कायमचा आखून दिला. विक्रीचा करार, म्हणजे आपण ज्यास साठेखत म्हणतो ते, मालमत्तेत कोणताही हक्क निर्माण करीत नाही. ते केवळ वचन होय. शंभर रुपये वा अधिक किमतीच्या स्थावराचे स्वामित्व खरेदीने जाते ते नोंदलेल्या खरेदीखतानेच.

वचनावर विसंबून ताबा घेणाऱ्यांचे हाल होऊ लागले, तेव्हा 1929 साली कलम 53-क घालून त्यांच्या ताब्याला संरक्षण दिले गेले. 2001 पासून मात्र त्या संरक्षणासाठी करारही नोंदलेला असावा लागतो. तरीही कुलमुखत्यारपत्र आणि साठेखत यांवरच व्यवहार उरकण्याची रीत शहरोशहरी फोफावली. मुद्रांक शुल्क वाचते, या समजुतीने माणसे त्यास भुलली. 2011 साली सर्वोच्च न्यायालयाने सूरज लॅम्प प्रकरणात निःसंदिग्ध शब्दांत सांगितले की अशा कागदांनी स्वामित्व मिळत नाही.

2016 च्या स्थावर संपदा कायद्याने बांधकाम व्यावसायिकावरही बंधन घातले. कायद्याच्या कक्षेतील प्रकल्पांत लेखी करार नोंदविल्यावाचून किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम त्यास घेता येत नाही. हा नियम राहत्या सदनिकांपुरताच आहे, असा समज आमच्या कानी वारंवार येतो. तो बरोबर नाही. दुकान, कार्यालय व गोदाम यांचाही समावेश त्यात आहे.

नोंदणी झाली म्हणजे सारे निर्वेध झाले, असेही नव्हे. दुय्यम निबंधक दस्त नोंदवितो; विकणाऱ्याच्या मालकीची हमी तो देत नाही. विकणारा मालक आहे काय, गाळ्यावर बँकेचा बोजा आहे काय, भूखंड मालकीचा की भाडेपट्ट्याचा, भाऊबंदांचा वाटा राहिला आहे काय, हे शोधण्याचे ओझे घेणाऱ्यावरच असते. गोव्यात पोर्तुगीज नागरी संहितेच्या परंपरेमुळे विवाहित विक्रेत्याच्या पती वा पत्नीची स्वाक्षरीही पाहावी लागते.

हे प्रश्न नवे नाहीत. चतुःसीमा, भाऊबंद आणि धनको यांविषयी आपले पूर्वज हेच विचारीत. फरक इतकाच की त्यांच्या वतीने सारे गोत विचारी, आणि आता ते आपणांस एकट्याने विचारावे लागते. म्हणून आमची तरुण पिढीस विनंती आहे : इसार देण्यापूर्वी जाणत्या वकिलाकडून मालकीचा शोध घ्यावा, साठेखतातील ताब्याची तारीख, विलंबाची भरपाई आणि रक्कम परतीच्या अटी स्वतः वाचाव्यात, आणि खरेदीखत नोंदले जाईपर्यंत आपण मालक झालो असे मानू नये.