डोमेन नोंदींची साठवण-मुदत : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

खराडी गाव १९९७ मध्ये पुणे महानगरपालिकेच्या हद्दीत आले आणि पुढे तेथे माहिती तंत्रज्ञानाची संकुले उभी राहिली. तेथील प्रत्येक संगणकाला संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा अंकी पत्ता शोधावा लागतो. एकदा मिळालेला पत्ता जवळच्या सर्व्हरने किती काळ जपावा, हा प्रश्न मात्र या नागरीकरणाहून जुना आहे.

१९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी डोमेन नेम सिस्टीम मांडली. तत्पूर्वी सर्व नावे एकाच फाइलमध्ये असत. नव्या रचनेत नोंदीची मुदत सेकंदांत ठरविण्याचा अधिकार तिच्या मालकाला मिळाला. १९८७ च्या प्रमाण दस्तऐवजाने सामान्य यंत्रासाठी काही दिवसांची मुदत योग्य मानली. पत्ता बदलायचा असल्यास ती अगोदरच कमी करता येईल, असेही त्यात नमूद होते. नंतर कमी करून उपयोग नसतो, कारण जुनी प्रत इतरत्र गेलेलीच असते.

पुढे पत्ते त्वरित बदलता यावेत म्हणून अनेकांनी मुदती मिनिटांवर आणल्या. या घाईची किंमत २१ ऑक्टोबर २०१६ रोजी दिसली. अमेरिकेतील डिन कंपनीच्या नाव-सर्व्हरवर हल्ला झाला आणि ट्विटरसारखी संकेतस्थळे स्वतः सुस्थितीत असूनही असंख्य लोकांना सापडेनाशी झाली. २०२० च्या 'आरएफसी ८७६७' ने मूळ सर्व्हर निरुत्तर असल्यास मुदत संपलेली नोंदही वापरण्याची मुभा दिली. मालकाच्या अधिकाराला येथे मुरड पडली, आणि ती रास्तच म्हणावी लागेल. अशी शिळी नोंद पुढे देताना तिला तीस सेकंदांची मुदत लावावी आणि ती एक ते तीन दिवसांपर्यंतच जपावी, अशी शिफारस त्यात आहे.